थंडीतली भाजी, बंद बरणी आणि एक चिवट बीजाणू

थंड प्रदेशातल्या परसबागेला मोजकेच दिवस मिळतात. वसंतात दव गोठायचं थांबतं आणि शरदात पुन्हा गोठू लागतं, या दोन्हींमध्ये कुठे कुठे शंभर दिवसही नसतात. म्हणून तिथे गाजर, बीट, मटार, कोबी अशा थंडी सोसणाऱ्या भाज्यांवर भर असतो. गाजराचं तर थंडीत सोनं होतं. गारठा वाढला की ते साठवलेल्या पिष्टाची साखर करू लागतं. साखर विरघळलेलं पाणी शून्य अंशालाही गोठत नाही, त्यामुळे पेशी वाचतात आणि आपल्याला गोड गाजर मिळतं.

अडचण पुढे, या भाज्या बंद बरणीत टिकवताना येते. या सगळ्या भाज्यांत आम्ल कमी असतं, त्यांचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 4.6 च्या वर असतो. बंद बरणीत टिकवायच्या अन्नासाठी हा आकडा फार महत्त्वाचा, कारण त्याच्या वर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढू शकतो. 1895 मध्ये बेल्जियममधल्या एलझेल गावात हॅम खाऊन एका वाद्यपथकातले लोक आजारी पडले, तिघे दगावले. जिवाणूशास्त्रज्ञ एमिल व्हान एरमेंगेम यांनी त्या हॅममधूनच हा जिवाणू शोधून काढला.

त्याचे बीजाणू, म्हणजे जिवाणूची चिवट, सुप्त रूपं, मातीत असतात, म्हणजे उपटलेल्या गाजरावरही असतातच. एरवी ते निपचित पडून राहतात. पण हवाबंद बरणीत प्राणवायू नसतो, ओलावा आणि ऊब असते, आम्ल नसतं. तिथे ते रुजतात आणि विष तयार करतात. आधी दृष्टी दुहेरी होते, गिळता येत नाही, मग श्वासाचे स्नायू लुळे पडतात. अशा बरणीला वास येईलच असं नाही, म्हणून चव घेऊन पाहणं हा अत्यंत धोकादायक प्रकार आहे.

‘भरपूर उकळलंय की!’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. विष उष्णतेला नाजूक असतं, दहा मिनिटं खळखळ उकळलं की नष्ट होतं. बीजाणू मात्र उकळत्या पाण्यात तासन्‌तास तग धरतात. उघड्या भांड्यातलं पाणी कितीही आच दिली तरी 100 अंशांपलीकडे जात नाही, आणि उंचावर तर दर 300 मीटरला उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. बीजाणू मारायला 116 ते 121 अंश लागतात. ते प्रेशर कॅनरमध्ये, म्हणजे बरण्या तापवायच्या घट्ट झाकणाच्या भांड्यात, दाबाखालीच मिळतात. किती दाब, किती मिनिटं हे भाजी, बरणी आणि उंचीनुसार बदलतं. इथे अंदाज नको, तपासून सिद्ध झालेली कृतीच पाळावी.

टोमॅटो 4.6 च्या अगदी सीमेवर असतो. म्हणून लिटरभराच्या बरणीत दोन मोठे चमचे बाटलीबंद लिंबूरस घालतात, कारण त्याची आम्लता ठरलेली असते. थंडीने वेल मेल्यावर त्यावरून काढलेल्या टोमॅटोंत आम्ल आणखी कमी असू शकतं. ते बरणीत भरू नयेत.

नवशिक्याने कोबीपासून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. बारीक चिरलेल्या कोबीला वजनाच्या दोन ते अडीच टक्के मीठ चोळायचं आणि सुटलेल्या पाण्यात तो पूर्ण बुडवून ठेवायचा. लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू काही दिवसांतच सामू 4.6 च्या खाली आणतात. तीन-चार आठवड्यांत कोबी छान आंबतो. गाजराला तर बरणीही लागत नाही. ओलसर वाळूत, शून्य ते चार अंशांच्या तळघरात ते महिनोन्‌महिने टिकतं.