स्थानिक रेडिओ आणि त्याची मालकी (सोलापूर)

स्थानिक रेडिओ म्हणजे एका शहरापुरतं, फार तर जिल्ह्यापुरतं ऐकू येणारं केंद्र, जिथं बोलणारा आपल्यातलाच असतो आणि तो ज्या पेठेचं नाव घेतो ती आपण पायी फिरलेलो असतो. सोलापुरात सरकारी आकाशवाणी आहे, खाजगी एफएम आहेत, आवाज सोलापूरचा आहे पण मालक बाहेरगावचा, आणि हा विषय समजून घ्यायचा तर इथूनच सुरुवात करावी लागते.

आधी तर घरात रेडिओ ठेवायलाही लायसन्स लागायचं, पोस्टात जाऊन फी भरायची, ते १९८० च्या दशकात बंद झालं. तेव्हा सोलापूरकर पुणे (१९५३) आणि सांगली (१९६३) केंद्रं ऐकायचे, कानडी घरात गुलबर्गा लागायचं. नुसत्या एका शहरासाठीचं आकाशवाणीचं पहिलं केंद्र १९८४ ला नागरकोईलला निघालं, आणि त्याच धर्तीवर पुढे बीड, धुळे, सातारा, सोलापूर अशी केंद्रं आली. ही केंद्रं १९९७ पासून प्रसार भारतीची (आकाशवाणी-दूरदर्शन चालवणारी संस्था), म्हणजे निर्णय दिल्लीत. इथं माइकवर बसणारे बरेच जण कॅज्युअल अनाउन्सर, महिन्यातून मोजक्या ड्युट्या मिळणारे, आणि तरी शेतीचा सल्ला, भजनी मंडळ, गावातला शाहीर हे सगळं त्यांनीच सांभाळलं, हे लिहून ठेवलंच पाहिजे.

रेडिओ खरा कुठं ऐकला जातो ते दुपारी विडी कामगारांच्या घरात बघा. बाईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कात्रीनं कापलेली पानं, दोन्ही हात आणि डोळे विडीत गुंतलेले, टीव्हीकडे बघत बसलं तर हजार विड्या कधी व्हायच्या, म्हणून कान तेवढा रेडिओला. घरात बोलणं तेलुगूत, रेडिओवर मराठी, अधूनमधून हिंदी गाणं, आणि हे सोलापुरात कुणाला वेगळं वाटतच नाही.

१९९५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यानंतर खाजगी एफएमचे लिलाव झाले, मोठ्या शहरांचे आधी, आणि २००५ च्या दुसऱ्या टप्प्याच्या धोरणात ३ ते १० लाख वस्तीची शहरं 'क' गटात आली, सोलापूर त्यातच. बोली लावायला पैसा लागतो, तो मोठ्या ग्रुपकडेच. ९२.७ बिग एफएम अनिल अंबानी ग्रुपचं होतं, कंपनी २०२३ ला दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४ ला सफायर मीडियाच्या ताब्यात द्यायला मंजुरी मिळाली, म्हणजे सोलापुरात वाजणाऱ्या चॅनेलचा मालक बदलला आणि सोलापूरला कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता. ९४.३ माय एफएम भोपाळच्या भास्कर समूहाचं.

मालकीइतकीच अडचण बातम्यांची. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, आकाशवाणीचं बुलेटिन जसंच्या तसं लावता येतं. ट्रॅफिक, हवामान, परीक्षा, प्रशासनानं दिलेली वीज-पाण्याची माहिती एवढं चालतं. म्हणजे ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं तिथं आरजे (एफएमवरचा निवेदक) पाण्याची वेळ सांगू शकतो, पण पाणी का आलं नाही याची बातमी स्वतः करू शकत नाही. सोलापूरला पाणी देणारं उजनी धरण भरलेलं असताना सोलापूरकराला पहिला प्रश्न तोच पडतो.

मालकी गावात ठेवणारा प्रकार एकच, कम्युनिटी रेडिओ, म्हणजे गावातल्याच संस्थेनं आपल्या परिसरासाठी चालवलेलं छोटं केंद्र. २००६ च्या धोरणानं तो सामाजिक संस्थांना खुला झाला. ताकद १०० वॅट, म्हणजे अंदाजे १०-१५ किलोमीटर, जाहिराती आता तासाला १२ मिनिटं, स्वतःच्या बातम्यांना इथंही बंदी. पंढरपूरच्या पुढे माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून असाच रेडिओ चालवते. अर्ज करायला नफा न कमावणारी, किमान ३ वर्षं काम केलेली नोंदणीकृत संस्था लागते, आणि असल्या संस्था सोलापुरात पेठेपेठेत आहेत.