वार्षिक रजेचा काळ ठरविण्याचा अधिकार

वार्षिक रजेचा काळ ठरविण्याचा अधिकार : कर्मचाऱ्याला वर्षाकाठी मिळणारी भरपगारी रजा त्याने प्रत्यक्षात कोणत्या तारखांना घ्यावयाची, हे ठरविण्याचा मालकाला कायद्याने, सामूहिक कराराने किंवा नेमणुकीच्या अटींनी मिळालेला अधिकार. रजेचा हक्क आणि रजेची वेळ या दोन निराळ्या बाबी आहेत. बहुतेक देशांत पहिली बाब कायद्याने पक्की केलेली असते आणि तिच्याविषयी आज फारसा वाद उरलेला नाही. दुसरीबाबत मात्र कायदे सावधपणे बोलतात आणि प्रत्यक्ष व्यवहारात निर्णय बहुधा मालकाच्याच हाती राहतो. मुलांच्या शाळा चालू असताना मिळालेली दोन आठवड्यांची रजा आणि त्या बंद असताना मिळालेली तितकीच रजा हिशेबाच्या वहीत सारखीच दिसते, पण ती घेणाऱ्याच्या दृष्टीने सारखी नसते.

मराठीत ‘सुट्टी’ आणि ‘रजा’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जात असले, तरी त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदे हा फरक नेमका दाखवितात. सुट्टी असते किंवा लागते. रजा मात्र ‘टाकावी’ लागते आणि टाकल्यावर ती ‘मंजूर’ व्हावी लागते. ‘रजा’ हा मूळचा अरबी शब्द असून त्याचा अर्थ संमती किंवा खुशी असा आहे, आणि निरोप घेताना ‘आता रजा द्यावी’ असे म्हणण्याच्या पद्धतीतही समोरच्याची परवानगी गृहीत धरलेली आहे. ही संमती कोणाची, कोणत्या मुदतीत आणि कोणत्या कारणास्तव नाकारता येईल, एवढाच या विषयातील कायद्याचा गाभा आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९३६ मध्ये भरपगारी रजेविषयीचा पहिला सर्वसाधारण करार (क्रमांक ५२) संमत केला. त्यात वर्षाला किमान सहा कामाचे दिवस आणि सोळा वर्षांखालील कामगारांना किमान बारा दिवस रजा द्यावी, असे म्हटले होते. १९७० च्या सुधारित करारात (क्रमांक १३२) हे प्रमाण तीन आठवड्यांवर नेण्यात आले आणि रजेच्या वेळेचा प्रश्न त्याच्या दहाव्या कलमात हाताळण्यात आला. नियमाने, सामूहिक कराराने, लवादाच्या निवाड्याने किंवा देशातील रूढ पद्धतीने वेळ ठरत नसेल, तर ती मालकाने संबंधित कामगाराशी अथवा त्याच्या प्रतिनिधींशी विचारविनिमय करून ठरवावी आणि तसे करताना कामाची निकड व कामगाराला विश्रांती आणि विरंगुळ्याची मिळणारी संधी या दोहोंचा विचार करावा, असे हे कलम सांगते. यात ‘विचारविनिमय’ हा शब्द आहे, ‘संमती’ नाही. कामगाराचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते; ते मानावेच लागते असे नाही.

भरपगारी रजेचा कायदा होण्याच्या पुष्कळ आधीपासून कारखानदार कामगारांच्या सुट्टीच्या तारखा ठरवीतच होते. इंग्लंडमधील लँकेशर परगण्यातील कापूस गिरण्यांच्या गावांत ‘वेक्स वीक’ नावाची प्रथा होती. मुळात हे चर्चच्या वार्षिक उत्सवाचे दिवस. पण एकोणिसाव्या शतकात गिरणीमालकांनी त्यांना सबंध गाव एकदम बंद ठेवण्याच्या आठवड्याचे रूप दिले, कारण कामगार या दिवसांत असेही गैरहजर राहत, आणि माणसे एकेक करून गेल्यास माग अर्धवट चालवावे लागत. गिरणी पूर्ण थांबली की वाफेची यंत्रे उघडून साफ करता येत, बाष्पके तपासता येत. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा असल्यामुळे उन्हाळाभर एकामागून एक गावांची धुराडी थंड होत आणि तिथली माणसे आगगाडीने ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर जात. शेजारीपाजारी, मुकादम आणि दुकानदार तेथेही एकमेकांना भेटत. ही सुट्टी दीर्घकाळ बिनपगारी होती, त्यामुळे तिच्यासाठी वर्षभर बचत मंडळांत पैसे साठवावे लागत. ब्रिटनमध्ये भरपगारी रजेविषयीचा कायदा १९३८ मध्ये झाला. फ्रान्समध्ये तो त्याआधी दोन वर्षे, जून १९३६ मध्ये, देशव्यापी संपांच्या पार्श्वभूमीवर होऊन कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची रजा मिळाली होती.

शेवटचा शब्द कोणाचा : या एका प्रश्नावरून निरनिराळ्या देशांचे कायदे ताडून पाहता येतात. इटलीच्या नागरी संहितेचे कलम २१०९ उद्योगाची गरज आणि कामगाराचे हित लक्षात घेऊन मालकाने वेळ ठरवावी असे म्हणते. ऑगस्टमध्ये, विशेषतः १५ तारखेच्या फेर्रागोस्तो सणाच्या आगेमागे, तेथील कारखाने बंद राहण्याची जुनी रीत या अधिकाराशी सोयीस्करपणे जुळते. फ्रान्समध्येही सामूहिक करार नसल्यास मालकच कर्मचाऱ्यांच्या जाण्याचा क्रम लावतो, पण मुख्य रजेचा हंगाम १ मे ते ३१ ऑक्टोबर या काळाला धरून असावा लागतो, एकाच संस्थेत काम करणाऱ्या पतिपत्नींना एकाच वेळी रजा मिळण्याचा हक्क असतो आणि जाण्याला महिना उरला की अपवादात्मक कारणाखेरीज तारखा बदलता येत नाहीत. स्वीडनच्या १९७७ च्या कायद्यात मालकाचा अधिकार मान्य असला, तरी वेगळा करार नसेल तर जून ते ऑगस्ट या काळात सलग चार आठवडे द्यावे लागतात. जेथे उन्हाळा इतका अल्प असतो, तेथे कायद्याने महिन्यांची नावेच घालून दिली यात नवल नाही.

जर्मनीच्या १९६३ च्या संघीय रजा कायद्याची मांडणी उलट दिशेने आहे. तेथे कामगाराच्या इच्छेपासून सुरुवात होते. उद्योगाची तातडीची गरज, किंवा सामाजिक दृष्ट्या अग्रक्रम असलेल्या दुसऱ्या कामगाराची इच्छा, एवढ्याच कारणांनी ती बाजूला सारता येते. शाळकरी मुलांचे आईवडील हे अशा अग्रक्रमाचे नेहमीचे उदाहरण. शिवाय जेथे कामगारांनी निवडलेले कामगार मंडळ असते तेथे रजेची सर्वसाधारण तत्त्वे आणि रजेचा तक्ता त्याच्या संमतीवाचून ठरविता येत नाही. स्पेनमध्ये तारखा दोघांनी मिळून ठरवायच्या, कामगाराला त्या किमान दोन महिने आधी कळाव्यात आणि मतभेद झाल्यास न्यायालयाने निकाल द्यावा, अशी व्यवस्था आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत संघराज्याच्या कायद्याने खाजगी नोकरांना भरपगारी रजेचा हक्कच दिलेला नसल्यामुळे वेळेचा प्रश्न बहुतांशी मालकाच्या धोरणावर आणि करारावर सोडलेला आहे.

भारताच्या १९४८ च्या, नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या, कारखाने अधिनियमात कलम ७९ मध्ये याविषयी केलेली तरतूद, तिची चर्चा फार कमी होत असली, तरी बारकाईने केलेली होती. मागील वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस अशी रजा मिळे. तिच्यासाठी किमान १५ दिवस आधी आणि लोकोपयोगी सेवेत ३० दिवस आधी अर्ज करावा लागे, आणि वर्षातून तीनपेक्षा जास्त वेळा ती घेता येत नसे. कामात खंड पडू नये म्हणून व्यवस्थापकाला कामगारांच्या समितीच्या संमतीने रजेची योजना आखून ती मुख्य कारखाने निरीक्षकाकडे दाखल करता येई. ती कारखान्यात ठळक जागी लावावी लागे आणि एका वेळी बारा महिनेच चाले. खरी मेख पुढे होती. मुदतीत केलेला अर्ज अशा योजनेच्या आधारेच नाकारता येई. म्हणजे योजना नसेल तर ‘सध्या काम फार आहे’ हे कारण कायद्याच्या दृष्टीने पुरत नसे. तसेच प्रौढ कामगाराची शिल्लक रजा एरवी ३० दिवसांपुरतीच पुढील वर्षात नेता येई, पण मागूनही नाकारलेल्या रजेला ही मर्यादा लागू होत नसे. नाकारणाऱ्याने ती बुडवू नये, हा त्यामागचा हेतू उघड होता.

सूचनेची मुदत : ब्रिटनच्या १९९८ च्या कामाच्या वेळांविषयीच्या नियमांनी कारणमीमांसेऐवजी दिवसांच्या गणिताचा मार्ग पत्करला आहे. कामगाराने जितके दिवस रजा हवी त्याच्या दुप्पट दिवस आधी सूचना द्यावयाची. मालकाला ती नाकारायची असल्यास जितक्या दिवसांची रजा तितके दिवस आधी कळवायचे. आणि मालकालाच कामगाराला ठरावीक दिवशी रजेवर पाठवायचे असेल, तर त्यानेही दुप्पट दिवसांची सूचना द्यायची. दहा दिवसांच्या रजेसाठी वीस दिवस आधी अर्ज आला, तर तो नाकारण्यासाठी मालकाला पहिले दहा दिवसच मिळतात. करारात वेगळे ठरले असल्यास हे हिशेब बदलतात. नियमाला कारण लागत नाही, तारीख लागते. त्यामुळे तो समजायला सोपा आहे, परंतु गैरसोयीचे मोजमाप त्यात कोठेच होत नाही.

या नियमांचा कस उत्तर समुद्रातील तेल फलाटांवरील कामगारांच्या खटल्यात लागला. हे कामगार साधारणतः दोन आठवडे समुद्रात बारा-बारा तासांच्या पाळ्या करीत आणि पुढचे दोन आठवडे किनाऱ्यावर घरी असत. वार्षिक रजा या घरच्या आठवड्यांतच धरली जाईल, अशी मालकांची भूमिका होती. जेव्हा कामावर जायचेच नसते तेव्हाच्या दिवसांना रजा कसे म्हणावे, असा कामगारांचा सवाल होता, आणि तो सहज झटकून टाकण्याजोगा नव्हता. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०११ मध्ये मालकांच्या बाजूने निकाल दिला. जो काळ कामाचा नाही तो विश्रांतीचा, आणि अशा काळात रजा घ्यावयास लावण्यात नियमभंग नाही, असा त्याचा आशय होता. शाळांच्या दीर्घ सुट्ट्यांतच शिक्षकांची वार्षिक रजा बसविण्याची पद्धतही याच तत्त्वावर उभी आहे.

मालकाला सर्वांची रजा एकाच वेळी हवी असण्याची कारणे आजही गिरण्यांच्या काळाहून फार निराळी नाहीत : जोडणीची साखळी अर्ध्या माणसांनिशी चालत नाही, मोठी दुरुस्ती चालू यंत्रावर होत नाही आणि गिऱ्हाइके सुट्टीवर असताना कार्यालय उघडे ठेवून उपयोग नसतो. याला हिशेबाचेही एक अंग आहे. न घेतलेली रजा ताळेबंदात देणे म्हणून दाखवावी लागते, आणि पगार वाढला की हे देणेही वाढते. म्हणून वर्ष संपता संपता ‘शिल्लक रजा संपवा’ अशी पत्रके निघतात. याउलट सर्वांनी एकाच वेळी जाणे परवडत नसेल, तर विभागातील तक्त्यावर पेन्सिलीने नावे लिहिण्यापासून वाटाघाट सुरू होते. सेवाज्येष्ठता, मुलांची शाळा, गेल्या वर्षी कोणाला हवे ते दिवस मिळाले, आणि ज्याला कुटुंब नाही त्याने दरवेळी मागे का राहावे, हे प्रश्न बहुतेक कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाहीत. पण शाई त्यांच्या उत्तरानंतरच फिरते.

न सांगता दिलेली रजा : बँका आणि वित्तसंस्थांमध्ये हा अधिकार अगदी वेगळ्या हेतूने वापरला जातो. जो कर्मचारी रोज स्वतःच्या हाताने नोंदी जुळवून गैरव्यवहार झाकत असतो, त्याला जागा सोडता येत नाही. काही दिवस त्याच्या खुर्चीत दुसरा बसला की न जुळणाऱ्या नोंदी वर येतात. २००८ मध्ये सोसिएते जनराल या फ्रेंच बँकेचे ४.९ अब्ज युरोचे नुकसान उघडकीस आले, तेव्हा संबंधित व्यवहारकर्त्याने आधीच्या वर्षात जवळजवळ रजाच घेतली नव्हती, ही बाब पुढे आली. भारतीय रिझर्व्ह बँकेने जुलै २०२१ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार संवेदनशील जागांवरील बँक कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग किमान दहा कामाचे दिवस, पूर्वकल्पना न देता, सक्तीच्या रजेवर पाठवावे लागते. सूचनेच्या मुदतीवर उभ्या राहिलेल्या सर्व नियमांना छेद देणारी ही रजा आहे. येथे अचानकपणा हाच तिचा उपयोग.

अधिकाराच्या मर्यादा : मालकाने ठरविलेल्या काळात कामगार आजारी असल्यास काय, याचे उत्तर युरोपीय न्यायालयाने २००९ मध्ये स्पेनमधील एका खटल्यात दिले. रजा विश्रांतीसाठी आणि आजारपणाची सुट्टी बरे होण्यासाठी असल्यामुळे एकीने दुसरी भरून निघत नाही, आणि कामगाराला आपली रजा नंतर मागता येते. त्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये जर्मनीतील एका प्रकरणात असे ठरविले, की कामगाराने अर्ज केला नाही एवढ्याच कारणाने रजा बुडत नाही. ती घेण्याची खरी संधी त्याला दिली होती आणि न घेतल्यास ती जाईल हे वेळेवर व स्पष्ट सांगितले होते, हे मालकाने दाखवून द्यावे लागते. मात्र कामगाराला जबरीने रजेवर पाठविण्यापर्यंत हे कर्तव्य जात नाही.

जपानमध्ये ते तेथपर्यंत गेले. तेथील १९४७ च्या श्रममानक कायद्याप्रमाणे रजेची वेळ कामगार सांगतो आणि कामकाजात अडथळा येत असेल तरच मालक ती बदलू शकतो. कागदावर इतका बळकट हक्क असूनही सहकाऱ्यांवर भार पडेल या संकोचाने कामगार रजा मागतच नसत. त्यामुळे एप्रिल २०१९ पासून, ज्यांना वर्षाला दहा किंवा अधिक दिवस रजा मिळते त्यांनी स्वतःहून पाच दिवस घेतले नसतील, तर उरलेल्या दिवसांच्या तारखा मालकाने त्यांचे म्हणणे ऐकून ठरवून दिल्याच पाहिजेत, असा नियम झाला; तो मोडल्यास तीन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. यालाही एक पळवाट निघाली. आधीपासून दिली जाणारी कंपनीची एखादी सुट्टी कामाचा दिवस म्हणून जाहीर करायची आणि मग त्याच दिवशी कामगाराला हक्काची रजा लावायची, म्हणजे पाच दिवस भरतात आणि कोणी एक दिवसही जास्त घरी राहत नाही. असे करणे सुधारणेच्या उद्देशाशी विसंगत असल्याचे तेथील श्रम मंत्रालयाला मार्गदर्शिकेत सांगावे लागले.