लिने विवर

लिने : चंद्राच्या पृथ्वीकडील बाजूवर, मारे सेरेनिटाटिस या लाव्हामैदानाच्या पश्चिम भागातील एक लहान, वाटोळे आघात-विवर (अवकाशातील खडक आदळून झालेला खड्डा). त्याचे स्थान सुमारे २७.७° उ. अक्षांश व ११.८° पू. रेखांश असून व्यास सुमारे २.२ किमी. आणि कडेपासून तळापर्यंतची खोली सुमारे ०.५ किमी. आहे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल फोन लिने (लिनीअस) यांचे नाव त्याला देण्यात आले आहे. याच मैदानातील बेसेल हे विवर व्यासाने त्याच्या सातपट भरेल. असे असूनही एकोणिसाव्या शतकातील चांद्रनिरीक्षणाच्या इतिहासात लिनेइतकी चर्चा फार थोड्या विवरांची झाली आहे. त्याचे कारण त्याच्या आकारात वा रचनेत नसून, ते १८६६ मध्ये ‘नाहीसे झाले’ असा जो दावा करण्यात आला त्यात आहे.

विवराभोवती फिकट रंगाच्या द्रव्याचे एक वलय आहे. आघाताच्या वेळी खालून उसळून बाहेर पडलेले हे द्रव्य सभोवतालच्या गडद बेसाल्टपेक्षा अधिक प्रकाश परावर्तित करते. त्यामुळे सूर्य माथ्यावर असताना, म्हणजे पौर्णिमेच्या आसपास, लिने हा एक पांढरा ठिपका म्हणून लहान दूरदर्शकातूनही सहज दिसतो. त्या ठिपक्याच्या मध्यभागी असलेले प्रत्यक्ष विवर पाहणे मात्र पुष्कळ अवघड आहे. पृथ्वीपासूनच्या सरासरी अंतरावरून २.२ किमी. व्यासाची वस्तू जेमतेम १.२ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) एवढा कोन करते, आणि साधारण १० सेंमी. व्यासाच्या भिंगाची विभेदनक्षमताही (बारीक तपशील वेगळे दाखविण्याची मर्यादा) तेवढीच असते. शिवाय विवर ओळखायचे ते त्याच्या सावलीवरून. लिने येथे शुक्ल पक्षातील अर्धचंद्राच्या सुमारे एक दिवस आधी सूर्योदय होतो. त्यानंतर एका पार्थिव दिवसाने सूर्य तेथे क्षितिजापासून सुमारे ११° वर येतो, तेव्हा विवराचा बहुतेक तळ अंधारात असतो. आणखी एका दिवसाने सावली निम्म्या विवरापर्यंत आक्रसते आणि मध्यम आकाराच्या दूरदर्शकाला ती वेगळी दाखवता येत नाही. म्हणजे विवर म्हणून लिने पाहण्याचा योग प्रत्येक चांद्रमासात सूर्योदयाच्या व सूर्यास्ताच्या सुमाराचे मोजके दिवस एवढाच असतो. पुढील वादात ही गोष्ट निर्णायक ठरते. तरी दोन्ही बाजूंनी तिच्याकडे बराच काळ पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

अथेन्स वेधशाळेचे संचालक यूलिउस श्मिट यांनी १६ ऑक्टोबर १८६६ रोजी या भागाचे निरीक्षण केले. जवळची इतर लहान विवरे स्पष्ट दिसत असताना लिनेच्या जागी केवळ एक ढगासारखा पांढुरका डाग असल्याचे त्यांना आढळले. श्मिट हे हौशी निरीक्षक नव्हते. किशोरवयापासून ते चंद्राची रेखाटने करीत आले होते, आणि पुढे १८७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सुमारे २ मी. व्यासाच्या चांद्रनकाशात ३२,००० हून अधिक विवरे दाखविलेली आहेत. साहजिकच त्यांच्या शब्दाला वजन होते. त्यांनी ही वार्ता इंग्लंडमधील चांद्रनिरीक्षक विल्यम रॅडक्लिफ बर्ट यांना कळविली आणि काही महिन्यांतच यूरोपातील अनेक दूरदर्शक या एका ठिपक्याकडे वळले.

श्मिट यांच्या दाव्याचा मुख्य आधार जुन्या नोंदींचा होता. ड्रेस्डेन येथील विल्हेल्म लोरमान यांनी १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशाच्या भागांत हे विवर या मैदानातील दुसऱ्या क्रमांकाचे ठळक, एका जर्मन मैलाहून (सुमारे ७.४ किमी.) थोडे अधिक व्यासाचे, अतिशय खोल आणि कोणत्याही प्रकाशात दिसणारे असे वर्णिले आहे. विल्हेल्म बेअर व योहान हाइनरिख मेडलर यांनी १८३०–४० या दशकात नकाशा व ग्रंथ प्रसिद्ध केले. त्यांनी व्यास सुमारे १.४ जर्मन मैल, म्हणजे १० किमी.च्या आसपास दिला. १० किमी. व्यासाचे खोल विवर सुमारे ५ विकलांचे दिसेल व साध्या उपकरणातूनही त्याची सावली नजरेतून सुटणार नाही. त्यामुळे ही वर्णने अक्षरशः खरी मानली, तर विवर बुजले असे म्हणण्यावाचून गत्यंतर राहत नाही. लाव्हाने किंवा अन्य द्रवाने ते भरून गेले असावे, अशा कल्पना त्या काळी मांडण्यात आल्या, त्या याच आधारावर.

याविरुद्धचे पुरावे तीन प्रकारचे आहेत. पहिला जुन्या नोंदींमधलाच. लिलिएन्थाल येथील योहान श्रोटर यांनी १७८८ मध्ये काढलेल्या रेखाटनात या परिसरात विवराऐवजी एक अस्पष्ट पांढरा डाग दाखविला आहे. तो लिनेच आहे की शेजारचे दुसरे एखादे स्थान, याविषयी मतभेद आहेत. तो लिने असेल, तर १८६६ चे दृश्य श्मिट समजतात तितके नवे नव्हते. दुसरा पुरावा श्मिट यांच्या घोषणेनंतरच्या निरीक्षणांचा आहे. रोममध्ये खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांना १८६७ च्या सुरुवातीस डागाच्या मध्यभागी एक अगदी लहान विवर दिसले, आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्झ यांनीही उथळ खोलगट भागात एक लहान विवर असल्याची नोंद केली. तिसरा पुरावा खुद्द मेडलर यांचा. त्यांनी १८६७ मध्ये बॉन येथील उपकरणातून लिने पुन्हा पाहिले आणि ते १८३१ मध्ये दिसले होते तसेच असल्याचे सांगितले. मेडलर तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते व त्यांची दृष्टी अधू झालेली होती, म्हणून या साक्षीला किती महत्त्व द्यावे हा प्रश्न उरतो. तरीही ज्याच्या वर्णनावर सारा दावा उभा आहे, तोच बदल नाकारतो, ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही.

जुनी वर्णने स्वतंत्र होती काय, हाही प्रश्न आहे. मेडलर यांच्यासमोर लोरमान यांचे प्रसिद्ध भाग होते. श्मिट यांचा लोरमान यांच्या कामाशी इतका निकटचा संबंध होता की लोरमान यांचा संपूर्ण नकाशा पुढे त्यांनीच संपादित करून प्रसिद्ध केला. तेव्हा तीन निरीक्षकांचे एकमत म्हणून जे पुढे केले जाते, त्यात एकाच नोंदीची उजळणी किती, हे सांगणे कठीण आहे. ‘कोणत्याही प्रकाशात दिसणारे’ हे लोरमान यांचे शब्दही बारकाईने पाहण्यासारखे आहेत. भर दुपारच्या उन्हात सावली नसते. त्या वेळी जे दिसते ते विवर नसून फिकट वलय असते. वलयाचा विस्तार विवराच्या व्यासाच्या कितीतरी पट असल्यामुळे, तिरप्या प्रकाशात दिसलेली लहानशी सावली आणि इतर वेळी दिसलेले वलय यांची एकाच वस्तूत गल्लत होऊन व्यास फुगविला गेला असावा, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. मेडलर यांच्या दूरदर्शकाचे भिंग १० सेंमी.पेक्षाही किंचित लहान होते, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे.

वादाचा निकाल काहीही असो, त्याचा परिणाम मोठा झाला. मेडलर यांच्या नकाशानंतर चंद्राविषयी नवे काही उरले नाही, असा समज पसरून चांद्रनिरीक्षण मंदावले होते. लिने प्रकरणाने ते पुन्हा सुरू केले. इंग्लंडमध्ये १८७८ मध्ये केवळ चंद्राच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन झाली, तीही याच लाटेत. त्याआधीच्या वर्षी हेर्मान क्लाइन यांनी हायजिनस या विवराजवळ नवे विवर निर्माण झाल्याचा दावा केला होता, त्यालाही लिनेची पार्श्वभूमी आहे. शतकाच्या अखेरीस अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ विल्यम हेन्री पिकरिंग यांनी वेगळाच मुद्दा काढला : चंद्रग्रहणाच्या थंडीत लिनेभोवतीचा पांढरा डाग वाढतो व ऊन चढताच आक्रसतो, सबब ते हिमकणांचे आच्छादन असावे. कडा पुसट असलेल्या डागाचे मोजमाप निरीक्षकाच्या डोळ्यावर व प्रकाशमानावर किती अवलंबून असते हे पाहता, या मतास पुढे पाठिंबा मिळाला नाही.

अवकाशयानांच्या छायाचित्रांनी बदलाची कल्पना जवळजवळ निकालात काढली. अपोलो-१५ (१९७१) च्या कक्षेतून घेतलेल्या चित्रांत लिने हे धारदार कडेचे, न झिजलेले साधे विवर म्हणून दिसते. त्याच्या जागी पूर्वी १० किमी.चे विवर असून ते बुजले असल्याची कोणतीही खूण आसपासच्या मैदानावर नाही. २००९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानाच्या चित्रांवरून त्याचा उंचसखलपणाचा नकाशा तयार करण्यात आला. लहान विवरे वाडग्याच्या आकाराची असतात या प्रचलित समजुतीला त्यातून धक्का बसला : लिनेचा आकार तळाशी थोड्या सपाट केलेल्या, उलट्या ठेवलेल्या शंकूच्या अधिक जवळचा आहे. झीज अत्यल्प असल्यामुळे आघातानंतरचा मूळ आकार येथे टिकून आहे असे मानतात, आणि इतर विवरांची झीज मोजण्यासाठी त्याचा नमुना म्हणून उपयोग केला जातो. भूवैज्ञानिक दृष्टीने ते अतिशय तरुण आहे. वयाचा अंदाज एक कोटी वर्षांच्या आसपास केला जातो. मात्र तो ढोबळ समजावा. ज्या मैदानात ते आहे तेथील लाव्हा तीन अब्ज वर्षांहून जुना आहे.

ज्यांचे नाव या विवरास आहे ते कार्ल लिनीअस (२३ मे १७०७–१० जानेवारी १७७८) यांचा खगोलशास्त्राशी थेट संबंध नव्हता. दक्षिण स्वीडनमधील रोसहुल्ट येथे त्यांचा जन्म झाला. १७३२ मध्ये त्यांनी लॅपलँडचा अभ्यासदौरा केला, १७३५ मध्ये नेदर्लंड्समध्ये वैद्यकाची पदवी घेतली आणि १७४१ पासून ते उप्साला येथे प्राध्यापक होते. त्यांच्या १७५३ च्या वनस्पतिविषयक ग्रंथात सुमारे ६,००० जातींना द्विपद नामपद्धती (प्रत्येक जातीला दोन शब्दांचे नाव) लावलेली असून, तो व प्राण्यांसाठी १७५८ ची ‘सिस्टेमा नॅचुरी’ची दहावी आवृत्ती, हे शास्त्रीय नामकरणाचे आरंभबिंदू मानले जातात. सरदारकी मिळाल्यावर ते फोन लिने झाले. चंद्रावर आले ते हे नाव. तापमापकाची सेल्सिअस मापनश्रेणी उलटी करून गोठणबिंदू ० वर आणण्याचे श्रेय काही जण त्यांना देतात. उप्सालातील मॉर्टेन स्ट्रोमर आणि उपकरणकार डॅनियल एकस्ट्रोम यांची नावेही या संदर्भात घेतली जातात, आणि एकट्या लिनीअस यांना श्रेय देणे सध्या तरी सुरक्षित नाही.

विवराचे नाव बेअर व मेडलर यांच्या नकाशामुळे रूढ झाले व १९३५ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या अधिकृत यादीत समाविष्ट झाले. परिसरातील काही लहान विवरे लिनेच्या नावापुढे रोमन अक्षर जोडून ओळखली जातात. त्यांपैकी ‘लिने ई’ (E) हे विवर आता इन्शुलिनच्या शोधाशी निगडित असलेल्या फ्रेडरिक बँटिंग यांच्या नावाने नोंदलेले आहे. ७४१२ क्रमांकाच्या लघुग्रहासही लिनीअस यांचे नाव आहे.