फ्लेमिंगच्या बुरशीची चार नावे

शाळेत पेनिसिलिनचा धडा शिकलेल्यांना ते औषध देणाऱ्या बुरशीचे 'पेनिसिलियम नोटॅटम' हे नाव आठवते. औषधनिर्माण शिकलेले 'क्रायसोजेनम' म्हणतात. २०११ पासून मात्र तिचे बरोबर नाव 'पेनिसिलियम रुबेन्स' आहे. बुरशी तीच, सप्टेंबर १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या पेट्री डिशमध्ये जंतूंच्या शेजारी उगवलेली. तिचे पहिले नाव तर या तिन्हींपेक्षा वेगळे होते. एवढी नावे बदलली म्हणजे कुणीतरी निष्काळजीपणा केला, असे वाटणे साहजिक आहे, पण तसे झालेले नाही. बुरशी ओळखणे खरोखरच अवघड आहे.

शिळ्या पावावरची हिरवट भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर एक उभा दांडा दिसतो. त्याच्या टोकाला लहान फाट्या फुटतात, त्यांवर बाटलीच्या आकाराच्या पेशी आणि प्रत्येक पेशीतून मण्यांच्या माळेसारखी निघालेली बीजाणूंची रांग. सगळे मिळून छोटा कुंचलाच. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लिंक यांनी १८०९ मध्ये या कुंचल्यावरूनच 'पेनिसिलियम' हे नाव दिले. अडचण अशी, की कुंचला या गटातल्या जवळपास सगळ्याच बुरशींना असतो. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात कितीतरी हिरव्या बुरशी सरसकट 'ग्लॉकम' या एकाच नावाखाली गेल्या.

हा गुंता सोडवायला पहिल्यांदा शिस्तीने बसले ते अमेरिकेतले चार्ल्स थॉम. कामाची सुरुवात चीजपासून झाली. कॅमेंबर्ट आणि रोकफोर्ट पिकवणाऱ्या बुरशींना त्यांनी १९०६ मध्ये नावे दिली. तीच बुरशी भाकरीवर वेगळी दिसते, लिंबाच्या सालीवर वेगळी. रंग, पोत, वाढीचा वेग, सगळे खाद्यावर अवलंबून. मग थॉम यांनी सगळ्यांना एकसारखे खाद्य दिले, एकसारख्या परिस्थितीत वाढवले आणि मगच तुलना केली. आज हे साधे वाटते. माझ्या मते मात्र या विषयातले सर्वांत मोठे पाऊल हेच. १९१० मध्ये त्यांनी सोनेरी पिवळा रंग सोडणाऱ्या एका बुरशीला 'क्रायसोजेनम' म्हटले. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या वेस्टलिंग यांनी हिसॉप नावाच्या वनस्पतीवर सापडलेल्या बुरशीला 'नोटॅटम' म्हटले.

फ्लेमिंग स्वतः जंतुशास्त्रज्ञ. बुरशीचे नाव त्यांनी त्याच इमारतीतल्या ला टूश यांना विचारले. दम्याच्या रुग्णांच्या घरांतल्या बुरशी गोळा करणे हे ला टूश यांचे काम. त्यांनी 'रुब्रम' सांगितले आणि १९२९ च्या शोधनिबंधात तेच छापले गेले. पुढे लंडनच्याच रेस्ट्रिक यांनी पेनिसिलिनवर काम सुरू केले, तेव्हा बुरशी थॉम यांच्याकडे गेली. त्यांनी सांगितले, ही 'नोटॅटम'.

मग दुसरे महायुद्ध आले. फ्लेमिंगच्या बुरशीपासून औषध फारच थोडे मिळत होते, म्हणून अमेरिकेत पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेने चांगल्या वाणाचा शोध सुरू केला. १९४३ मध्ये बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर तो सापडला. जगभरच्या कारखान्यांतले पेनिसिलिन देणारे वाण प्रामुख्याने याच खरबुजाच्या वंशातले आहेत. या वाणाला 'क्रायसोजेनम' म्हटले गेले, म्हणजे फ्लेमिंगची प्रजाती एक आणि कारखान्याची दुसरी, असे मानले जात होते. १९७७ मध्ये बुरशीतज्ज्ञ सॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की दोन्हींत वेगळे ठरवण्याजोगा फरकच नाही. नियमाप्रमाणे आधीचे नाव टिकते. १९१० ने १९११ वर मात केली आणि 'नोटॅटम' मागे पडले.

शेवटचा बदल जनुकांमुळे झाला. बुरशींसाठी सर्रास वापरला जाणारा डीएनएचा तुकडा इथे अपुरा पडतो. तो 'ही पेनिसिलियम आहे' इतके सांगतो, पण सख्ख्या बहिणींतला भेद दाखवत नाही. हाउब्राकेन, फ्रिसवाड आणि सॅमसन यांनी बीटा ट्युब्युलिनसारखी दुसरी जनुके वाचली, तेव्हा 'क्रायसोजेनम'च्या आत दोन वेगळ्या प्रजाती निघाल्या. फ्लेमिंगची बुरशी आणि खरबुजावरचा वाण दुसऱ्या गटात पडले. खरी 'क्रायसोजेनम' सेकॅलोनिक आम्ल हे विषारी द्रव्य तयार करते. हा दुसरा गट करत नाही. कारखान्याला ही माहिती नक्कीच कामाची. या गटासाठी नवे नाव शोधावे लागले नाही, कारण बेल्जियमचे धर्मगुरू बिउर्ज यांनी १९२३ मध्येच 'रुबेन्स' हे नाव देऊन ठेवले होते. पहिल्या 'रुब्रम'चा अर्थ लाल, 'रुबेन्स'चाही लालसर. पण हा निव्वळ योगायोग.

हे सगळे तपासता आले, कारण ती बुरशी जिवंत राखली गेली. फ्लेमिंग यांनी ती इतर प्रयोगशाळांना दिली, त्यांनी जपली, आणि प्रत्येक पिढीला आपले नवे साधन घेऊन त्याच बुरशीकडे परत जाता आले. नुसते चित्र आणि वर्णन उरले असते, तर २०११ मध्ये वाचायला जनुके आणायची कुठून?

पेनिसिलिनशी आपले नाते पिंपरीमुळे जवळचे आहे. तिथल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून त्याचे उत्पादन सुरू झाले. पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत देशाचा राष्ट्रीय कवक, म्हणजे बुरशी, संग्रह आहे. २०१४ च्या यादीत पेनिसिलियमच्या ३५४ प्रजाती मान्य होत्या, २०२० मध्ये ४८३ झाल्या. त्यांतली एखादी पुन्हा दोन निघाली, तर ते अशाच एखाद्या संग्रहातली नळी उघडून ठरेल.