मोडलेल्या खांबाची साक्ष

१६ डिसेंबर १९९७ रोजी ‘पाका’ टायफूनने ग्वाम बेटाला झोडपलं. पॅसिफिकमधल्या या अमेरिकी बेटाच्या उत्तरेला, अँडरसन हवाई तळावरच्या यंत्राने वाऱ्याच्या एका झोताचा वेग नोंदवला: ताशी ३८० किलोमीटर. अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टन शिखरावर १९३४ साली मोजलेला ३७२ चा, तेव्हाचा विक्रमी झोतही मागे पडला!

नोंद तपासायला तज्ज्ञांनी मोडतोडीकडे पाहिलं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. म्हणजे ताशी ३८० चा झोत २७० च्या झोतापेक्षा जवळजवळ दुप्पट जोराने रेटणार, आणि त्याच्या खुणा मागे राहणारच. तशा खुणा सापडल्या नाहीत. शिवाय यंत्र तापवलेल्या संवेदकाचं होतं. वारा त्याला किती गार करतो, त्यावरून वेग काढायचा. पण धो धो पाऊसही त्याला गारच करतो. विक्रम रद्द झाला.

ग्वामवर घरांवरून वारा ओळखणं कठीण. १९६२ चं ‘कॅरेन’ आणि १९७६ चं ‘पामेला’ सोसल्यावर तिथे काँक्रीटची घरं वाढली, आणि ती सहसा उभीच राहतात. मग बघायचे ते विजेचे खांब, पाट्या, पत्रे आणि झाडं. केळी-पपई लवकर आडव्या होतात. माड चिवट, झावळ्या मोडून लोंबतात, तरी खोड उभं असतं. चिप गार्ड आणि मार्क लँडर या ग्वामच्या अभ्यासकांनी उष्ण कटिबंधातल्या बेटांसाठी अशा खुणांवरून वाऱ्याची श्रेणी ठरवणारं कोष्टकच केलं. त्यात वाळवी आणि कुजलेलं लाकूडही धरलंय, हे मला फार मोलाचं वाटतं. लाकडी खांब तुटला असेल तर आधी तुटलेल्या जागी वाकून बघायचं: आत धागे लांब, पांढरे, ताजे फाटलेले आहेत की भुसा आहे? भुसा असेल तर त्या खांबाची साक्ष कच्ची.

उन्मळलेलं झाडही फसवतं. उत्तर ग्वाममध्ये चुनखडीवर मातीचा पातळ थर आहे. तिथे मुळं खोल जातच नाहीत.

२०२० मध्ये ‘निसर्ग’ने श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. अशा वाडीत पंचनामा करताना मुळासकट पडलेल्या पोफळी आणि मध्येच मोडलेल्या पोफळी वेगवेगळ्या मोजल्या, पडण्याची दिशा लिहिली, तर नुकसानीबरोबर त्या वाडीतला वाराही कागदावर येईल.