डेव्हिड

डेव्हिड : (२१ जून १९०९–२८ डिसेंबर १९८१ किंवा २ जानेवारी १९८२). हिंदी चित्रपटांतील चरित्र अभिनेते. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. जन्म ठाण्याचा, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली (कोकणातील ज्यू) कुटुंबातला. कोकणातील चौल गावावरून आलेले आडनाव पडद्यावर मात्र आले नाही. श्रेयनामावलीत ते नुसते ‘डेव्हिड’च राहिले. जन्मवर्ष १९०८ असेही दिले जाते. मृत्यूची तारीख काही ठिकाणी २८ डिसेंबर १९८१, तर काही ठिकाणी २ जानेवारी १९८२ अशी आढळते.

पदार्पणाबाबतही एकमत नाही. अनेक सूचींत बॉम्बे टॉकीजचा *नया संसार* (१९४१) हा पहिला चित्रपट मानला आहे. मात्र मोहन भवनानी यांच्या *झांबो* (१९३७) या जंगलपटातही त्यांचे नाव येते. आधीच्या किरकोळ कामांची नोंद नंतरच्या सूचींतून गळणे त्या काळच्या नटांच्या बाबतीत नेहमीचे असल्याने १९३७ हेच वर्ष अधिक संभवनीय वाटते.

आर. के. फिल्म्सच्या *बूट पॉलिश* (१९५४) मधील जॉन चाचा ही त्यांची सर्वांत गाजलेली भूमिका. काकूच्या जाचामुळे भीक मागणाऱ्या भावंडांना कष्टाची भाकर खायला शिकवणारा हा लंगडा म्हातारा स्वतः चोरटी दारू विकतो आणि त्यापायी तुरुंगात जातो. उपदेशकालाच असा डाग असल्यामुळे ही भूमिका गोडगोड होत नाही. पुढे त्यांच्या वाट्याला आलेल्या असंख्य प्रेमळ काका-मामांत हा पीळ अभावानेच दिसतो. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले (१९५५). सहायक भूमिकांसाठीची पारितोषिके त्याच वर्षी सुरू झाली. अभिनेत्रींमध्ये ते *बादबान*साठी उषा किरण यांना मिळाले.

उत्तरकाळात हृषीकेश मुखर्जी व बासू चटर्जी यांनी त्यांचा नेमका उपयोग करून घेतला. *गोलमाल* (१९७९) मध्ये मालक भवानीशंकरच्या लहरी, मिशांचे वेडसुद्धा, नोकरी शोधणाऱ्या नायक रामप्रसादला आधीच सांगून ठेवणारे डॉक्टर केदार तेच. *बातों बातों में* (१९७९) मध्ये लोकलच्या डब्यात भाचीसाठी स्थळ हेरणारे टॉम अंकलही तेच. दोन्हीकडे वावर मोजका, पण कथा हलते ती त्यांच्यामुळे. *सत्यकाम*, *अभिमान*, *चुपके चुपके*, *खूबसूरत* हे इतर उल्लेखनीय चित्रपट.

वेटलिफ्टिंगचे पंच म्हणूनही ते परिचित होते. पद्मश्री १९६९. कॅनडात टोरांटो येथे त्यांचे निधन झाले.