ताप उतरल्यावर पाय लुळे का पडतात?

फ्रेंच पॉलिनेशिया म्हणजे प्रशांत महासागरातली विखुरलेली बेटे, लोकसंख्या जेमतेम पावणेतीन लाख. तिथे २००९ ते २०१२ या चार वर्षांत हातपाय लुळे पाडणाऱ्या गुलियन-बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, अनुक्रमे ५, १०, ३ आणि ३ रुग्ण सापडले होते. मग नोव्हेंबर २०१३ ते फेब्रुवारी २०१४ या चार महिन्यांत तब्बल ४२ रुग्ण दाखल झाले. कुणाला उभे राहता येईना, पुष्कळांचा चेहरा सैल पडला, १२ जणांना श्वासासाठी यंत्राची मदत घ्यावी लागली. त्याच महिन्यांत बेटांवर झिकाची साथ चालू होती.

झिकाला तोवर कुणी घाबरत नसे. १९४७ मध्ये युगांडातल्या झिका जंगलात एका माकडात सापडलेला, डासांतून पसरणारा हा विषाणू. २००७ मध्ये प्रशांत महासागरातल्याच याप बेटावर त्याची मोठी साथ आली, तीही थोडा ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे एवढ्यावरच निभावली. त्यामुळे ४२ रुग्णांचा दोष झिकाला द्यायचा तर पुरावा भक्कम हवा होता.

फ्रेंच पॉलिनेशियातल्या ताहिती या मुख्य बेटावरच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तो गोळा केला. त्याच रुग्णालयात ताप नसलेल्या इतर आजारांसाठी आलेल्या ९८ जणांशी त्यांनी या रुग्णांची तुलना केली. झिकाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे (विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिने) जीबीएसच्या सगळ्या ४२ जणांच्या रक्तात होती. तुलनेच्या गटात हे प्रमाण ५६ टक्के होते. ८८ टक्के रुग्णांना आधी ताप-पुरळाचा किरकोळ आजार होऊन गेला होता, साधारण सहा दिवसांपूर्वी. आणि विषाणू स्वतः? तो एकाच्याही रक्तात सापडला नाही. पुराव्यातली ही त्रुटी वाटेल, पण या आजाराचे मर्म इथेच आहे: हातपाय लुळे पडू लागतात तेव्हा विषाणू बहुधा निघून गेलेला असतो आणि नसांवर हल्ला करत असते ती आपलीच रोगप्रतिकारशक्ती. हिशेब केल्यावर झिका झालेल्या दर लाख माणसांमागे सुमारे २४ जणांना जीबीएस होतो असे निघाले. एरवी लाखामागे वर्षाला एक-दोन जणांनाच तो होतो.

नस म्हणजे विजेच्या वायरसारखी. आत संदेश वाहणारा तंतू, बाहेर मायलिनचे आवरण. प्रतिकारशक्तीने आवरण सोलले तर संदेश मंदावतो किंवा अडतो. आवरण काही आठवड्यांत पुन्हा चढू शकते. आतला तंतूच तुटला तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंत मीटरभर अंतर धरा, म्हणजे जवळपास तीन वर्षे. ताहितीच्या रुग्णांच्या सुरुवातीच्या तपासण्या तंतू तुटल्यासारख्या दिसत होत्या, पण रुग्ण त्या मानाने फार लवकर सुधारले. तंतू तुटलेले नव्हते, संदेश ठिकठिकाणी अडला होता. म्हणून नसांच्या पहिल्या तपासणीचा अहवाल वाईट आला तरी घरच्यांनी लगेच आशा सोडू नये.

महाराष्ट्रात जीबीएस हे नाव घरोघरी पोचले ते जानेवारी २०२५ मध्ये, पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात रुग्ण वाढले तेव्हा. तिथे संशय दूषित पाण्यातल्या कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूवर होता, डासांवर नाही. आजार एकच, ठिणगी वेगवेगळी. ती ठिणगी झिकाप्रमाणेच चिकुनगुनियातून पडू शकते, क्वचित डेंगीतूनही. हे तिन्ही विषाणू पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घराघरांत आहे. झिकाचा राज्यातला पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात त्याची साथच आली.

खरी अडचण ओळखण्याची आहे. तापानंतर माणूस गळून जातोच, मग ‘अशक्तपणा आहे, पेज द्या, सलाईन लावा’ म्हणत दोन-तीन दिवस निघून जातात. थकवा आणि ताकद जाणे यांतला फरक घरी पाहता येतो. थकलेला माणूस कुरकुरत का होईना, मांडी घालून बसला असेल तर उठतो. ताकद गेलेल्याला हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. टाचांवर चार पावले चालता येत नाही, चप्पल पायातून नकळत निसटते, शर्टाची बटणे लागत नाहीत. बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखेच होते, पायांपासून वर चढते, तळव्यांना मुंग्या येतात, कंबर दुखते. चिकुनगुनियात सांधे धरल्यामुळे गोंधळ होतो, तेव्हा सरळ विचारावे: दुखते म्हणून उठवत नाही, की दुखत नसतानाही पाय साथ देत नाही? डॉक्टरांच्या हातोडीला गुडघा उसळला नाही तर संशय पक्का होत जातो.

डेंगीत आणखी एक चकवा असतो. तापाच्या दिवसांतच अचानक हातपाय उचलेनासे झाले तर रक्तातले पोटॅशियम घसरलेले असू शकते. ही तपासणी स्वस्त आहे, लवकर होते, आणि पोटॅशियम भरून काढल्यावर माणूस बहुधा एक-दोन दिवसांत उभा राहतो. म्हणून ती सर्वांत आधी करावी. स्नायूंना सूज असेल तर रक्तात सीपीके हे स्नायूंतले द्रव्य वाढलेले दिसते. सुरुवातीलाच लघवी अडली आणि पोटाच्या एका ठरावीक रेषेखाली स्पर्शच कळेनासा झाला, तर दोष मज्जारज्जूत असू शकतो. तिथे एमआरआय लागतो. ताप चढलेला असताना शुद्ध हरपणे किंवा झटके येणे हे मेंदूज्वराचे लक्षण, उदाहरणार्थ भातशेतीच्या भागातला जपानी मेंदूज्वर. तो क्युलेक्स डासामुळे होतो आणि त्यात विषाणू थेट मेंदूत शिरतो.

जीबीएसचा संशय आला की व्हेंटिलेटरची सोय असलेले रुग्णालय गाठावे, माणूस अजून चालत असला तरी. छातीचे स्नायू थकत जातात तेव्हा माणूस धापा टाकताना दिसेलच असे नाही, आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे हमखास फसवतो: त्यावरचा आकडा पडतो तो अगदी शेवटी. त्यापेक्षा रुग्णाला खोल श्वास घेऊन एका दमात आकडे मोजायला सांगावे. वीसपर्यंत पोचता येत नसेल तर काळजीची वेळ आहे, दहाच्या आत थांबला तर तातडीची. उशीवरून मान उचलता न येणे, पाणी पिताना ठसका लागणे, आवाज नाकातून येणे याही धोक्याच्या खुणा. रुग्णालयात फुंकर मारून फुफ्फुसांची क्षमता दर काही तासांनी मोजतात. किलोमागे २० मिलिलिटरच्या खाली, म्हणजे ६० किलोच्या माणसात १२०० मिलिलिटरच्या खाली आकडा गेला की श्वासनलिकेत नळी घालायची तयारी करतात. नाडी आणि रक्तदाबही अचानक वरखाली होतात, म्हणून मॉनिटर लावलेला हवाच.

पाठीतले पाणी, म्हणजे कण्यातून सुईने काढलेला मज्जारज्जूभोवतीचा द्रव, तपासले तर प्रथिने वाढलेली आणि पेशी जवळपास नाहीत असे चित्र दिसते. पण पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणांचा हा अहवाल साफ येतो. त्यासाठी उपचार अडवून ठेवू नयेत.

उपचार दोन आणि दोन्ही सारखेच गुणकारी. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे, शिरेतून द्यायचे तर किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. ६० किलोच्या माणसाला रोज २४, एकूण १२० ग्रॅम. किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलायचा, साधारण पाच वेळा, दोन आठवड्यांत. आधाराशिवाय चालता येत नसेल तर लक्षणे सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत उपचार सुरू झालेले उत्तम. इम्युनोग्लोब्युलिन देऊन लगेच प्लाझ्मा बदलला तर महागडे औषध धुऊन निघते. स्टिरॉइडचा या आजारात उपयोग नाही. तोंडाने दिले तर बरे व्हायला उशीरही लागू शकतो.

झिकाची तपासणी करायची तर रक्तासोबत लघवीचाही नमुना पाठवावा, तिथे विषाणूचा अंश जास्त दिवस सापडतो. प्रतिपिंडांच्या तपासणीत डेंगी आणि झिका एकमेकांत मिसळतात, त्यामुळे ‘डेंगी पॉझिटिव्ह’ एवढ्या अहवालावरून झिका नव्हता असे ठरवता येत नाही.

ताहितीत तीव्र आजारात एकही रुग्ण दगावला नाही आणि तीन महिन्यांनी ५७ टक्के रुग्ण आधाराशिवाय चालत होते. त्यामागे औषधाइतकीच शुश्रूषाही असते. डोळे मिटत नसतील तर दिवसा थेंब आणि रात्री मलम घालून पापणीवर पट्टी लावावी, नाहीतर बुबुळाला जखम होते. दर दोन तासांनी कूस बदलावी. पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टर हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध देतात. पाऊल खाली लोंबत राहिले तर घोट्याचा स्नायू आखडतो, म्हणून पावलाला काटकोनात धरणारा स्प्लिंट पहिल्या दिवसांपासून बांधावा. व्यायाम रोज, पण दमण्याआधी थांबावा. दुसऱ्या दिवशी जास्त गळून गेल्यासारखे वाटले तर तो जास्त झाला असे समजून कमी करावा.